एवढं वाचून दे

आमच्या गल्लीत कुणाच्याही घरी कागद आला की तो आधी आमच्या दारात यायचा. दवाखान्याची चिठ्ठी, शाळेचं पत्रक, तहसीलची नोटीस, सोयऱ्याच्या लग्नाची पत्रिका, आणि पुढे मोबाईल आले तसे मोबाईलवरचे मेसेजही. "एवढं वाचून दे गं बाई," म्हणत माणूस उंबऱ्यावर टेकायचं. मी भाकरी थापत असेन, न्हाणीत निघाले असेन नाहीतर उद्याच्या परीक्षेची उजळणी करत असेन, त्याला काही फरक पडायचा नाही. आईला याचा फार अभिमान होता. मला मात्र दारात चपला वाजल्या की मागच्या दाराने निघून जावंसं वाटायचं.

हे सगळं मी अकरा वर्षांची असताना सुरू झालं. आमचं गाव राणीसावरगावच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून जरा आत. वर्षावासाचे, म्हणजे आखाडी पौर्णिमेपासूनचे पावसाळ्याचे तीन महिने आमच्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. शेतातून आलेल्या बाया हातपाय धुऊन, जमेल तिने पांढरं लुगडं नेसून येतात. एक जण वाचतो, बाकीचे हात जोडून ऐकतात. आधी वाचायचे ते गुरुजी परभणीला घर बांधून निघून गेले, आणि त्या वर्षी कुणीतरी मला पुढे बसवलं. मी अडखळले नाही, एवढाच माझा गुन्हा. पहिल्या वर्षी मला आभाळ ठेंगणं झालं होतं. चौथ्या-पाचव्या वर्षापासून मी पानं मोजायला लागले.

बावीस वर्षांची झाले तेव्हा गंगाखेडला रोज जाऊन-येऊन पदवी झाली होती. परभणीला राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा, एवढंच डोक्यात होतं. एका मैत्रिणीच्या खोलीत एक पलंग रिकामा होता आणि तो तिने माझ्यासाठी मे अखेरपर्यंत अडवून ठेवला होता. घरात विरोध कुणाचाच नव्हता. विरोध असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. विहारातल्या महिला मंडळाची प्रमुख आमच्या गल्लीतली एक म्हातारी होती. तिने मला अडवलं तेही किती गोड.

"जा की. कोन धरलंय तुला? पण आखाडी पुनवेपसून कोन वाचंल, तेवढं सांगून जा."

 वाचणारी पोरं पुण्याला कंपन्यांत गेली होती. सातवी-आठवी झालेल्या सुना होत्या, पण चारचौघांत मोठ्याने वाचायचं म्हटलं की त्यांचा पदर तोंडात जायचा. वडील आयुष्यात कुणाशी वाकडं बोलले नाहीत. ते म्हणाले, "त्यांचं बी खरं हाय. एखादं लेकरू तयार कर, मग जा." माझा हात कुणीच धरला नव्हता आणि तरीही माझा पाय निघत नव्हता. रात्री पडल्या पडल्या मला वाटायचं, मी साठ वर्षांची होईन आणि याच उंबऱ्यावर कुणाच्या तरी गोळ्यांचं पाकीट वाचत बसलेली असेन.

म्हणून मी उन्हाळी वाचन वर्ग काढला. विहाराच्या दारावर खडूने तसं लिहिलंही. सकाळी आठ ते दहा, कारण दहानंतर वरचे पत्रे तापून आत बसवत नसे. तिसरी-चौथीची नऊ लेकरं यायला लागली. गावाने माझं लय कौतुक केलं. पोरगी सुट्टीत घरी न बसता लेकरांना शिकवायलीय, म्हणून सरपंचाने एक फळाही पाठवला. मी स्वतःच्या जागी बसवायला माणूस शोधत होते, हे माझं मला माहीत होतं.

पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना चौथीच्या पुस्तकातला एक उतारा वाचायला दिला. आठ जणांनी त्याचे हाल केले. नववी होती त्या म्हातारीचीच नात, दहा वर्षांची, पाचवीत जाणारी. ती उभी राहिली, ओळीवर बोट ठेवलं आणि बाहेर ओट्यावर ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात घडाघडा वाचून खाली बसली. मला हायसं वाटलं. माझं काम एका दिवसात झालं होतं, आता फक्त घासून-पुसून घ्यायचं.

पुढचा महिना मी तिच्यावरच घालवला. बाकीच्या आठ जणांना फळ्यावरचं वहीत उतरवायला लावायचं आणि हिला जवळ घेऊन बसायचं. मी वाचायचे, माझ्यामागे ती वाचायची. मग ती एकटी वाचायची. शेजारच्या चुलतीची धाकटी, सहा-सात वर्षांची, मोठ्यांच्या मागे मागे येऊन बसणारी, पाटीवर काहीतरी काढून माझ्या बाजूला येऊन उभी राहायची. "थांब जरा," मी म्हणायचे. ती उभी राहायची आणि थोड्या वेळाने जागेवर जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटी घेऊन हजर. मी पुन्हा थांब म्हणायचे.

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी म्हातारीच्या नातीला सगळ्यांसमोर वाचायला बसवायचं ठरलं. पान ठरलेलं होतं आणि त्याची आम्ही पंधरा दिवस तयारी केली होती. माझी पिशवी घरी भरून तयार होती, दोनच दिवसांनी निघायचं होतं. विहार पांढऱ्या लुगड्यांनी भरून गेलं होतं. मागे खिरीचं पातेलं. पोरीला घाम येतो म्हणून कुणीतरी पंखा तिच्याकडे वळवला. तिने खूण घातलेलं पान उघडलं, आणि बाया वंदना संपवून नीट बसेपर्यंत पंख्याच्या वाऱ्याने दोन पानं उलटली.

मी तिच्या शेजारीच बसले होते. मला ते दिसलं, आता ती पान मागे घेईल म्हणून मी थांबले. तिने मागे घेतलं नाही. उघड्या पानाच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागली. आमचंच पान, अक्षर न अक्षर बरोबर, थांबायच्या जागी थांबत. फक्त त्यातला एक शब्दही त्या पानावर नव्हता.

समोर बाया डोळे मिटून हात जोडून ऐकत होत्या. तिच्या आजीच्या गालावरून पाणी ओघळत होतं. वडिलांनी लांबून माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे जा आता. पोरीने एकदा डोळे वर केले आणि मी पानाकडे बघतेय हे तिला दिसलं. तिचं बोट थांबलं. आवाज थांबला नाही.

मी तिला वाचू दिलं. खरं सांगायचं तर त्या पाच-दहा मिनिटांत मी मनातल्या मनात परभणीला जाऊन पोचले होते. कुणाला कळलं नव्हतं, पुढेही कळेल तेव्हा मी इथे नसणार होते. खीर वाटायला सुरुवात झाली तशी मी मागच्या बाजूला हात धुवायला गेले, तर ती तिथे येऊन उभी.

"ताई, आजीला सांगू नका. लय खूश झालीय."

"तुला वाचता येत नाही?"

"अक्षरं समदी येतेत. जोडून वाचाया गेलं की कायच कळत न्हाई. शाळंत समदे संगं म्हणतेत, त्यात मी बी म्हणते. एकदा ऐकलं की ऱ्हातंय माज्या ध्यानात."

पहिल्या दिवशीचा उतारा माझ्या डोळ्यांसमोर आला. वर्षभर वर्गात सगळ्यांनी एका सुरात म्हटलेला धडा मी तिला वाचायला दिला होता. नंतर महिनाभर रोज मीच आधी वाचून दाखवत होते. मला तिचा संताप आला. तिने मला फसवलं म्हणून नव्हे, तर तिने माझी गाडी चुकवली म्हणून आला, आणि याची लाज मला अजून वाटते. मी हात झटकून निघाले, तेव्हा ती मागून म्हणाली, "आखाडीपसून रोज नवं पान ऱ्हाईल ना? मंग तुमी जायच्या आदी समदा ग्रंथ एकदा वाचून दाखवा. मी करते पाठ."

तो ग्रंथ दोन हातांनी उचलावा लागतो. ती मात्र जरासुद्धा थट्टा करत नव्हती. दोन महिन्यांनी सगळ्या वस्तीसमोर तिची फजिती होणार होती, हे तिला माझ्याआधी कळलं होतं, आणि त्यातून बाहेर पडायचा तिला दिसलेला रस्ता हा एवढाच होता. मीही अकरा वर्षांची असताना तिथेच बसले होते, पण मला निदान वाचता तरी येत होतं.

मैत्रिणीला मी फोन केला. ती बिचारी रागावली नाही, पण पलंग तिने दुसरीला दिला. त्या संध्याकाळी मी पिशवीतले कपडे पुन्हा खुंटीवर टांगले आणि भिंतीकडे तोंड करून खूप रडले. आई म्हणाली, "जायचं न्हवतं तं पिशवी कशाला भरलीस?"

नंतरचा दीड महिना आम्हा दोघींनाही जड गेला. मी तिला आधी वाचून दाखवायचं बंद केलं. तिने कधी ऐकलं नसेल असंच वाचायला द्यायचं ठरवलं, म्हणून सरकीच्या पाकिटावरची माहिती, खताची गोणी, जुन्या पत्रिका, एसटीची पाटी, जे सापडेल ते. "चौसष्ट"पाशी ती पंधरा मिनिटं बसली होती. मी प्रेमळ बाई नव्हते. मी ओरडायचे, पाटी आपटायचे, एकदा तिला विहाराबाहेर उन्हात उभंही केलं. तिच्यात मला माझा बंद झालेला रस्ताच दिसायचा. ती रडायची, नाक पुसायची आणि पुन्हा बोट ठेवायची. बाकीच्या आठांपैकी चार जण कंटाळून यायचे बंद झाले. पाटीवाली मात्र येत होती आणि मी तिला अजून थांबच म्हणत होते.

आखाडी पौर्णिमेला पोरीने वाचलं. अर्धं पान, बोट ठेवून, शब्दाशब्दाला ठेचकाळत. घाम पंख्यालाही दाद देत नव्हता. बायांनी एकमेकींकडे बघितलं. "बुद्धपुनवेला कसं घडाघडा वाचली होती, आता काय झालं हिला?" असं तिची आजीच म्हणाली, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मीच पोरगी बिघडवली. ती खरं वाचतेय हे त्या अख्ख्या विहारात आम्हा दोघींनाच माहीत होतं. मी महिनाभर शेजारी बसून राहिले. श्रावणात ती अडखळत का होईना पूर्ण पान वाचायला लागली, तेव्हा मी परभणीला गेले.

पुढे तिथेच एका कार्यालयात लिपिक म्हणून लागले. गावी जाणं कमी झालं. सुट्टी असायची, पण मीच टाळायचे. फोनवर आई सांगायची, आता समदे तिच्याकडंच जातेत, लय हुशार झाली, आणि मी विषय बदलायचे. मी सुटले होते, पण माझा उंबरा एका दहा वर्षांच्या पोरीला देऊन सुटले होते. गेल्या वर्षी कळलं की नववीसाठी तिला परभणीच्या वसतिगृहात जागा मिळाली. पहिला विचार मनात आला तो हा, की आता तिची आजी तिला विचारणार, तुझ्या जागी कोण?

उन्हाळ्यात गेले तेव्हा पिशवी घरात ठेवून आधी तिच्याकडेच निघाले. लांबूनच तिच्या दारात चपला दिसल्या, सात-आठ जोड. वाटलं, आत माणसं कागद घेऊन बसली असणार. आत लेकरं बसली होती, प्रत्येकापुढे वेगळा कागद, आणि कुणीच एका सुरात म्हणत नव्हतं. चौदा वर्षांची झालेली ती पोरगी हसून उठली, मला पाट दिला. वसतिगृहात कधी जायचं, विचारलं.

"जूनला. आजी म्हनली, कोन वाचंल? म्हनलं, हे समदे वाचतेल की पाळी-पाळीनं. तुमी मला एकटीलाच शिकवलं होतं ना ताई, म्हनून घोडं अडलं."

ती हे सहज बोलली, टोमणा नव्हता तो. तेवढ्यात शेजारची चुलती दवाखान्याची चिठ्ठी घेऊन आली आणि उंबऱ्यावर टेकली. "एवढं वाचून दे गं बाई." पोरीने कागद हातात घेतला नाही. तिने मागे बघून हाक मारली. "ये इकडं. तुज्या आईचा कागद हाय, तूच वाच."

उठून आली ती पाटीवाली. आता दहा-अकराची झालेली. तिने आईच्या हातातून चिठ्ठी घेतली, बोट ठेवलं. पहिला शब्द निघाला, दुसरा निघाला. तिसऱ्याला ती अडकली. आई तिच्या तोंडाकडे बघत बसली. बाकीच्या लेकरांनी कागदातून माना वर केल्या. अकरा वर्षं मी या गल्लीतले कागद वाचले, पण कागद घेऊन आलेल्या माणसाच्या घरात वाचायच्या वयाचं लेकरू आहे का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. पाटीवाली अजून त्याच शब्दावर होती, ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मला तो शब्द दिसत होता. न राहवून मी कागदासाठी हात पुढे केला.

"ताई, तुमी थांबा जरा," म्हातारीची नात हळूच म्हणाली. "ती वाचायलीय."

मी हात मागे घेतला. ती पाटी घेऊन माझ्या बाजूला अख्खा उन्हाळा थांबली होती. मी थांबले.