खंडेनवमीला बाहेर काढलेला ट्रे

कृष्णातच्या हातून कधी काच फुटली नाही, असा त्याचा लौकिक होता. कागलहून एसटीने तो कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेत यायचा. अकरा वर्षं रोजंदारीवरचा शिपाई. २००३च्या दिवाळीनंतर कायम करू, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी सांगितलं होतं.

तिथेच अक्षता पीएच.डी. करत होती. आरएनएला बिलगून बसणारं आणि एखादं जनुक किती वाचलं जावं हे ठरवणारं एक प्रथिन होतं; त्याचा आकार तिला शोधायचा होता. त्यासाठी आधी त्याचे स्फटिक हवेत, मग त्यांवर क्ष-किरण. सात महिन्यांच्या खटपटीनंतर प्रथिनाच्या द्रावणाचे थेंब ठेवलेल्या ट्रेमधल्या एका थेंबात साखरेहून बारीक चार स्फटिक दिसले. ते आणखी वाढेपर्यंत ट्रे थंड कपाटातच राहायला हवा होता.

खंडेनवमीला ती गावी गेली होती. कृष्णातनं दरवर्षीसारखी यंत्रं पुसली, फुलं वाहिली. थंड कपाटाचीही वीज बंद करून ते आतून पुसलं. तेवढा वेळ ट्रे टेबलावर राहिला.

दसऱ्यानंतर अक्षतानं भिंगातून पाहिलं, तर थेंब नितळ, एकही स्फटिक नाही. सर म्हणाले, हे प्रथिन टिकाऊच नाही, सोडून दे, दुसरं घे. चहा देताना कृष्णातनं ते ऐकलं आणि त्याला टेबलावर राहिलेला ट्रे आठवला. त्या दिवशी अक्षतानं जेवणाचा डबा उघडला नाही.

घरी त्यानं बायकोला, शालूबाईला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापताथापताच म्हणाली, "अकरा वर्सं राबलासा, आन् कायम व्हायच्या तोंडावर तुमास्नी खरं बोलायचं सुचलंय व्हय?"  त्याला जेवण गेलं नाही.

सकाळी अक्षता त्या प्रथिनाच्या रिकाम्या केलेल्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या खरवडत होती. तो जवळ जाऊन उभा राहिला.

"ताई, ट्रे मीच काढलता. कपाट पुसाय."

तिचा हात थांबला. 

"किती वेळ बाहेर होता?"

"दीड तास आसंल."

"म्हणजे उबेनं विरघळले. प्रथिनात खोट नव्हती." पण आवाजात आनंद नव्हता, सात महिने पुन्हा पहिल्यापासून करायचे होते. तिनं प्रयोगवही उघडली, तारीख घातली, दीड तास लिहिलं आणि पेन अडलं.

"मामा, कुणी काढला तेही लिहावं लागेल. ही वही सर तपासतात."

"ठावं हाय. लिवा की."

तिनं लिहिलं. कृष्णातनं हात पँटीला पुसले आणि विचारलं, सही कुठं करू.