भाकड महिन्यातली रांग

शेपटीकाका कुठल्याही रांगेत पहिले उभे राहत नसत. पुढे कोणी नसेल तर कोणीतरी येईपर्यंत बाजूला रेंगाळत. दवाखान्यात एकच पेशंट असेल तर ते मध्ये एक खुर्ची सोडून बसत. त्याने दोघांचे तिघे दिसतात, असं त्यांचं मत. बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघत. माणूस टिकणार की पळणार हे पाय आधी सांगतात म्हणे. ‘चला’ हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. ते ‘सरका’ म्हणत, जेवायला बसतानासुद्धा. रिकाम्या दुकानासमोर आले की चाल मंद करत आणि काचेतून आत डोकावत. घ्यायचं काही नसे. दुकान ओस दिसू नये, एवढंच. रस्त्यात कोणाशी बोलायला थांबले, तर थोड्या वेळाने मागे तिसरा येऊन उभा राही आणि विचारी, ‘ही कशाची रांग?’

शहराबाहेरच्या थीम पार्कमध्ये आकाशपाळण्याची रांग सांभाळणं हे त्यांचं काम. हत्यारं तीन. खांब, दोर आणि ‘इथून अर्धा तास’ लिहिलेली पाटी. मध्ये घुसणाऱ्याला ते एकच वाक्य ऐकवत. ‘शेपटीला या, शेपटीला.’ आवाज चढवायचा नाही, बोटही दाखवायचं नाही. बड्या घरच्या जावयालाही हेच, आणि जावयाच्या सासऱ्यालाही. म्हणून ते शेपटीकाका.

काकूंशी ते पहिल्यांदा बोलले तेही याच वाक्याने. काकू तेव्हा कॉलेजात होत्या आणि मैत्रिणीने त्यांची जागा पुढे धरून ठेवली होती.

‘तेव्हापासून मी शेपटीलाच आहे,’ असं काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि काकांच्या हातात चहाचा कप सगळ्यांत शेवटी देत.

पार्कातलं वर्ष कॅलेंडरावर चालत नसे. ते गर्दीवर चाले. उन्हाळ्यासाठी शाळा सुटल्या की आत पाय ठेवायला जागा उरत नसे. त्या दिवसांत काकांचं काम रांग लहान दाखवण्याचं. दोर असे वळवायचे की शेपूट झुडपांमागे गडप व्हावी. पाटीवर अर्धा तास लिहायचा आणि वीस मिनिटांत सोडायचं. लोक स्वतःच्याच दहा मिनिटांचं बक्षीस घेऊन खुशीत पाळण्यात चढत. मग पाऊस. वारा सुटला की पाळणा बंद, आणि माणसं छपराखाली एकमेकांचे कपडे भिजवत भांडत उभी. पाऊस सरला की शाळांच्या सहली. एका दोरीला धरून चालणारी मुलं, आणि त्यांची मोजदाद करता करता रडकुंडीला आलेल्या बाई. थंडीत जोडपी. जोडप्यांची रांगेबद्दल तक्रार नसते. उलट, ‘सरका’ म्हटलं की त्यांना राग येतो.

आणि थंडी ओसरली की परीक्षा. घरोघरी मुलं पुस्तकांसमोर आणि आईबाप मुलांसमोर. पार्क ओस. या दिवसांना पार्कातली माणसं भाकड महिने म्हणत.

भाकड महिन्यांत काकांचं काम उलटं होई. आता रांग मोठी दाखवायची.

‘रिकाम्या खेळाकडे कोणी फिरकत नाही,’ ते सांगत. ‘माणूस लांबून बघतो आणि ठरवतो, बंद असणार. नाहीतर नट ढिले झाले असणार. पण पाच जण वैतागून उभे दिसले की सहावा आपणहून येतो.’

ते पाच जण काका आणत. कँटीनवाल्या मावशी, वायरमन, माळी, ज्याला हाताशी काम नसेल तो. अधूनमधून काकू. साध्या कपड्यांत यायचं, एकमेकांना ओळख दाखवायची नाही, मध्ये हातभर अंतर सोडायचं. सगळ्यांत महत्त्वाचा नियम शेवटी. खरा माणूस आला की खोट्याने हळूच गळायचं. काहीतरी विसरल्यासारखे खिसे चाचपायचे आणि निघून जायचं.

‘मावशी, हसू नका. रांगेत कोणी हसतं का?’

‘मी काय करू? हा वायरमन कानाशी पुटपुटतोय.’

‘काय पुटपुटतोय?’

‘किती वेळ लावतात हो, किती वेळ लावतात हो. तुम्हीच सांगितलंय म्हणे.’

‘मग?’ वायरमन म्हणाला. ‘सांगितलेलं काम मी मनापासून करतो.’

‘माझ्या कँटीनचा दिवा तेवढा मनापासून लाव की. तीन आठवडे झाले.’

काकू या कामात तयार झाल्या होत्या. कंटाळलेला चेहरा करायला त्यांना कष्ट पडत नसत. पण रांगेत पुढे सरकत पाळण्याच्या दाराशी पोचल्या की काका ओळख न दाखवता म्हणत, ‘बाई, तुम्ही शेपटीला.’ काकू मागे जात. पाळण्याखाली उभं राहण्यात त्यांची कितीतरी वर्षं गेली. पाळण्यात बसण्याचे प्रसंग मात्र फारसे आले नाहीत.

त्या वर्षी भाकड महिने लागले आणि नवे साहेब आले. तरुण होते, बोलायला गोड होते, आणि प्रत्येक गोष्ट दोनदा समजावून सांगत. त्यांचं ऑफिस वरच्या मजल्यावर. काचेची मोठी खिडकी नेमकी आकाशपाळण्यावर उघडे. त्यांनी सगळ्यांना बोलावलं.

‘गर्दीच्या दिवसांत काहीही चालतं,’ साहेब म्हणाले. ‘आत्ता जो खेळ माणसं खेचेल, तो खरा. जो खेचणार नाही, तो निघेल. आणि खेळ निघाला की त्याची माणसंही निघतील. कोणी मनाला लावून घेऊ नका.’

कोणी लावून घेतलं नाही. सगळे काकांकडे बघत होते.

पाळण्याचा पहिला खांब उभा राहिला तेव्हा काका त्याच्या खाली दोर धरून होते. तेव्हापासून तिथेच. दुसरं काम त्यांना जमलं नसतं असं नाही. दुसरं काम असतं हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

‘निघाला पाळणा तर निघाला,’ काकू म्हणाल्या. ‘घरी बसा.’

‘घरी बसून काय करू?’

‘मी काय करते?’

‘तुला सवय आहे.’

काकूंनी जेवण वाढलं ते भांडी आपटत. दुसऱ्या दिवशी सकाळी केस विंचरता विंचरता म्हणाल्या, ‘माझ्या बहिणीला आणू का? तिच्या शेजारणी रिकाम्याच असतात.’

साहेब रविवारी खिडकीतून बघणार आहेत, ही बातमी पार्कात घोषणा करणाऱ्या मुलीकडून फुटली. ती नवीन लागली होती. साहित्याची पदवी घेतलेली. हरवलेल्या मुलांच्या चपलांचं वर्णन इतकं मन लावून करी की आईबाप ऐकतच राहत. ही बातमी तिने माइक बंद करून एकट्या मावशींना सांगितली. मावशींना सांगणं आणि माइक चालू ठेवणं यात फारसा फरक नव्हता.

रविवारी काकूंची बहीण आली. बहिणीचा नवरा आला. शेजारणी आल्या, त्यांच्या सासवा आल्या, इमारतीखालचा शिंपी दुकानाला कुलूप लावून आला. मावशींनी कँटीनचं शटर ओढलं. वायरमन शिडीसकट आला आणि काकांनी त्याला शिडी ठेवून यायला परत पाठवलं. रांग दारापासून निघाली, वळली, पुन्हा वळली, पाण्याच्या नळापाशी पोचली आणि नळ ओलांडून गेली. काका दोर सरळ करत तिच्या कडेने फिरत होते. ऐन सुट्टीतही एवढी देखणी रांग त्यांनी लावली नव्हती. सगळ्या रांगेचे पाय शांत होते.

काचेमागे साहेब दिसत होते.

पाच माणसं पुरतात, हे काकाच सगळ्यांना शिकवत आले होते. पण पाच माणसं वरून दिसतात का, अशी शंका त्यांना आली. आणि एकदा ती आल्यावर एकही माणूस कमी करण्याचा धीर त्यांना होईना. कोणी गळायचं नाही. कोणी बसायचंही नाही, कारण बसलं की रांग तेवढी तुटते. दाराशी पोचलेल्या प्रत्येकाला ते सांगत राहिले, ‘शेपटीला या, शेपटीला.’ वर रिकामे डबे एकामागून एक उन्हात फिरत होते.

‘भावोजी, बसू द्या की एकदा,’ काकूंची बहीण म्हणाली. ‘पाळणा रिकामाच फिरतोय.’

‘आज नाही. आज उभं राहायचंय.’

‘उभं राहायला माझं घर काय वाईट होतं?’

तेवढ्यात खरी माणसं आली. आई, बाप आणि एक चिमुरडी. मुलीने पाळण्याकडे हात केला. बापाने रांगेचं तोंड बघितलं, मग शेपूट शोधत शोधत नळापर्यंत नजर नेली.

‘बाप रे! परत कधीतरी येऊ गं, गर्दी नसेल तेव्हा.’

काकांनी त्याच्या पायांकडे बघितलं. चवडे आधीच वळले होते. त्यांच्यामागून आणखी एक कुटुंब आलं, थबकलं, वळलं. मग कॉलेजची पोरं आली, तीही गेली. तेव्हा कुठे काकांच्या लक्षात आलं की आपली रांग माणसं हाकलते आहे.

त्यांनी खाकरून खूण केली. आता गळा. कोणी गळेना. पुन्हा खाकरले.

‘काका, खोकल्याला औषध घ्या,’ शिंपी म्हणाला. ‘मी काही हलत नाही. तासभर उभा आहे. आता बसूनच जाणार.’

‘आणि तुम्ही मध्ये कुठे?’ एका सासूबाईंनी वायरमनला अडवलं. ‘आम्ही तुमच्या आधी आहोत.’

‘मी आधीपासून इथेच होतो!’

‘शिडी घेऊन गेलात तेव्हा जागा गेली. शेपटीला व्हा.’

ढकलाढकली सुरू झाली. मावशींनी खरोखरच्या रागाने विचारलं, ‘किती वेळ लावतात हो?’ खोटी रांग बघता बघता खरी झाली. काकांना ती आवरेना. तेवढ्यात साहेबांचा माणूस त्यांना वर बोलवायला आला.

साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला.

‘काका, मी चुकलो होतो. हा पाळणा चालत नाही असं मला वाटलं होतं. बघा, केवढी मागणी आहे! भाकड महिन्यात. माणसं भांडतायत हो जागेसाठी.’

काका कप हातात धरून बसले.

‘आणि हा तुमचा पाळणा बघा. इकडे लोक ताटकळतायत आणि डबे रिकामे फिरतायत. लोकांना सामावून घेण्याची ताकदच नाही त्याच्यात. रिकामे फिरतायत, काका. आपण हा काढू. याच जागी मोठा खेळ आणू, एका दमात सगळी रांग उचलणारा.’

‘साहेब, पाळण्याचा दोष नाही.’

‘मग कोणाचा? तुमचा?’

खिडकीतून मावशी दिसत होत्या. कँटीनचं ओढलेलं शटरही दिसत होतं. वायरमन कोणाच्या तरी सासूला हात जोडत होता. खरं सांगितलं तर रांग खोटी होती हे सांगावं लागणार. मग पाळणा जाणारच, आणि सोबत कँटीनवाल्या मावशीही जाणार, वायरमनही. काकांनी चहाचा घोट घेतला. चहा बाहेरचा होता.

‘पाळणा जुना झालाय, साहेब,’ ते म्हणाले.

‘तुम्ही मात्र राहायचं. एवढी शिस्त मी कुठे बघितली नाही. एक माणूस रांग सोडून गेला नाही.’

पाळणा लगेच उतरवला. डबे मैदानात ओळीने ठेवले. घरी काका म्हणाले, ‘तुझ्या बहिणीला बसू द्यायला हवं होतं त्या दिवशी.’

‘आणि मला?’ काकूंनी विचारलं.

काका बूट पुसत राहिले.

शाळा सुटायच्या सुमाराला नवा खेळ उभा राहिला. माणसांना उलटं टांगून ओरडायला लावणारा. त्याच्या रांगेची जागा आखायचं काम काकांकडे. ते रोज खांब रोवत, दोर ओढत, स्वतः त्यातून चालून बघत. घोषणा करणारी मुलगी डबा खायला तिथे येऊन बसे. शाळा सुटण्याच्या आदल्या दिवशी एकच वळण राहिलं होतं.

‘आज होऊन जाईल की, काका.’

‘उद्या बांधतो. शेपूट कुठे न्यायची ते अजून ठरत नाही. आधी माणसं बघतो.’

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत. काकूंना वाटलं, कधी नव्हे ते झोपलेत, झोपू दे. त्यांनी पाणीसुद्धा आवाज न करता भरलं. ते केव्हाच गेले होते.

शाळा सुटल्या त्या दिवशी पार्कात कोणालाही रजा मिळत नाही. त्यामुळे काकांना पोचवायला माणसं अगदी मोजकी होती. काकूंची बहीण आणि तिचा नवरा, शिंपी, अर्ध्या तासाची सवलत घेऊन आलेल्या मावशी आणि वायरमन, आणि ती घोषणा करणारी मुलगी. काकूंनी मागे वळून बघितलं.

‘फार थोडे दिसतोय आपण,’ त्या म्हणाल्या. ‘जरा अंतर ठेवून उभे राहा.’

सगळे हातभर सरकले. रस्त्याने जाणारे दोन अनोळखी थांबले. काही न विचारता मागे येऊन उभे राहिले.

नव्या खेळापाशी आता रोज रांग असते. दोर दारापासून निघतात, वळत वळत भिंतीपर्यंत येतात आणि तिथे संपतात. शेवटच्या वळणाचे दोन खांब काकांनी रोवून ठेवले आहेत. दोराचं वेटोळं दुसऱ्या खांबाच्या पायाशी पडलं आहे, एक टोक पहिल्या खांबाला बांधलेलं. गाठ कच्ची आहे. बघून मग पक्की करायची होती.