ब्रेकले लावलेलं वंगण

बायांनो, मी सांगून राह्यली, नात लिहून राह्यली.

सकाळी आमचे बुढे, म्हंजे नातीचे आजोबा, मले जुन्या मोटरसायकलवर बुलढाण्याले डोळे दाखवायले घेऊन गेले. जाताना चढ होता, काही कळलं नाही. येताना घाटात त्यायनं दोन्ही ब्रेक दाबले, तर गाडी थांबेच ना! शेवटी रस्त्याकडच्या खडी-गिट्टीच्या ढिगात घुसवली तवा थांबली.

गाडी गॅरेजात नेली, तिथं मिस्त्रीनं चाकं खोलली. ब्रेकचे लायनर वंगणानं चपचपीत.

त्यानं बुढ्यायले इचारलं, "बाबा, हे काऊन लावलं?"

"लय किरकिरत होते. बैलगाडीच्या आखाले लावतो तसं लावलं."

"अवो बाबा, ब्रेक घासला तरच गाडी थांबते!"

मी म्हटलं, "जलमभर माही किरकिर ऐकता, मले नाही लावलं वंगण!" मिस्त्री हसला. बुढे हसले नाहीत.

मिस्त्रीनं ड्रम धुऊन नवे लायनर टाकले. घरी आलो तर आमचा पोरगा फोनवर म्हणते, गाडी विकून टाका. बुढे जेवले आन् मले हळूच म्हणाले, "बाजाराले जाताना बसशीन ना मांगं?"

मी थकली, भ्याली बी. पण नाही म्हटलं तर हा माणूस घरातच बसून राहीन. अजून उत्तर दिलं नाही. तुम्ही काय म्हटलं असतं?