भिंतीच्या आंघोळी

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा तिकडे कचेऱ्या बांधायला गवंडी पुरत नव्हते, आणि इकडे रेणापूरला प्यायला पाणी पुरत नव्हतं. आमच्या बौद्ध वस्तीत माझ्या समोर राहणाऱ्या वहिनी नऊ वर्षं बांधकामावर घमेली वाहत होत्या. गवंडीकामाचा सरकारी वर्ग निघाला, तसं त्यांनी नाव घातलं. पंधरा जणांत बाई एकटी. शेवटची परीक्षा म्हणजे आपापल्या वस्तीत सहा फूट लांब, चार फूट उंच भिंत बांधायची. आठव्या दिवशी वर्गाचे साहेब ठोकून बघणार. भिंत टिकली तर प्रमाणपत्र, नाहीतर पुन्हा घमेलं.

भिंत सरळ झाली. ओळंबा मी स्वतः लावून पाहिला. पण सिमेंटला सात दिवस पाणी हवं, आणि टँकरच्या घरटी रोज चारच घागरी.

“भाऊ, भिंत वाळायली हो!” वहिनी रडकुंडीला आल्या.

मी आकडे मांडले. नऊ घरं, एकेचाळीस माणसं. माणशी रोज दोन तांबे, म्हणजे ब्याऐंशी. पुरुषांनी आणि पोरांनी भिंतीला पाठ लावून आंघोळ करायची. बायकांनी घरात परातीत करून पाणी आणून ओतायचं. सिमेंटला चालत नाही म्हणून साबण बंद.

शेजारचे मामा भडकले. “रोज आंघोळ करायला मी काय नवरदेव हाय? मी चौथ्या दिशी करतो.”

“तुमच्यासाठी न्हाई मामा, भिंतीसाठी.”

“मंग भिंतीलाच घाला की आंघोळ!”

“तेच तर करायलोय. तुम्ही फकस्त मधी उभं राहा.”

मामा सातही दिवस उभे राहिले. मी रोज खुणा करत होतो. एकही तांबा चुकला नाही.

आठव्या दिवशी साहेबांनी हातोडी मारली. एकदा, दोनदा, मग जरा रागानेच. टवकासुद्धा निघाला नाही. कान लावायला वाकले आणि थबकले.

“भिंतीला साबणाचा वास कसा काय?”

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं.

“आता रोज करायचीच तर नीट केली,” मामा म्हणाले.

साहेब हसत सही करून गेले. सोमवारी वहिनी थापी घेऊन लातूरच्या गाडीत बसल्या. त्यांचं घमेलं मामांनी भिंतीपाशी उलटं घातलं आणि त्यावर बसले. पुढची आंघोळ चार दिवसांनी.