मूल्यमापनवाले आले!

सरकारी योजनांचं मूल्यमापन हा आमचा धंदा. उल्हासनगर ते बदलापूर इतकं हिंडलो, पण लिहिलेला एकही रिपोर्ट आता आठवत नाही. किस्से मात्र पाठ सोडत नाहीत.

*

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये नवीन सार्वजनिक शौचालयाबद्दल लोकांना विचारायचं होतं. माझी सहकारी वैशाली समोरच्या किराणा दुकानात शिरली आणि ऐटीत म्हणाली, "आम्ही मूल्यमापनवाले."

शेठने झटकन तराजू काउंटरखाली सरकवला! त्याला वाटलं, वजनमापवाले आले.

मी घाईघाईने म्हटलं, "शेठ, हम तो सिर्फ राय लेने आये हैं!"

तो खुलला. "राई? कितना किलो?"

*

त्याच शौचालयाबद्दल तक्रार एकही नव्हती. आम्ही खूश! जाऊन बघतो तर तक्रारपेटी आत आणि दाराला कुलूप.

"चावी कुठाय?" ठेकेदाराला विचारलं.

"सेफ आहे ना साहेब. पेटीत टाकलीय!"

*

हे सगळं रंगीत ग्राफ काढून योजनांचे प्रमुख कदमसाहेब यांना दिलं. त्यांनी शांतपणे पानं उलटली.

"रिपोर्ट मस्त झालाय. आता मी काय करायचं, ते कुठल्या पानावर आहे?"

आम्ही दोघं अनुक्रमणिका बघत बसलो. शेवटी वैशाली म्हणाली, "सर, ते स्कोपमध्ये नव्हतं."

*

मग आलं शिरगावचं पाळणाघर. अंबरनाथच्या कंपन्यांत जाणाऱ्या बाया तिथे मुलं ठेवतात. ते चालू ठेवायचं की बंद करायचं, हे आमच्या रिपोर्टवर ठरणार होतं. पाळणाघर चालवणाऱ्या मंदाताईंचा चेहरा उतरला होता. आमचे रिपोर्ट कसे असतात हे ठाऊक असल्यामुळे मलाही भीती वाटत होती.

कदमसाहेब म्हणाले, "या वेळी ग्राफ नको. बंद केलं तर काय होईल, तेवढंच सांगा."

मी मंदाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगायचं कशाला? दाखवते ना!"

दुसऱ्या दिवशी पाळणाघराच्या दारावर पाटी लागली: 'आज मुलं कदमसाहेबांच्या केबिनमध्ये सोडावीत.'

थोड्या वेळाने साहेबांचा फोन आला. मागे नुसता आकांत!

"तुमचा रिपोर्ट मिळाला."

"वाचला का सर?"

"वाचतोय कसला, मांडीवर बसलाय!" मग आवाज खाली आला. "मंदाताईंना सांगा, पाळणाघर चालू राहणार. फाइलवर मी सही केलीय, मांडीवरच्यानेही. वाळली की पाठवतो."