चहा केल्याचा अनुभव

लोणच्याच्या बरणीला मोबाईल टेकवून आमची ही मटार सोलता सोलता कोरियन शिकते. निवृत्तीनंतर लोक गीतेचे अध्याय पाठ करतात. हिने मालिका बघून ही भाषा धरली.

परवा ऑनलाइन वर्गातल्या बाई सांगत होत्या, "पूर्वी एखादी गोष्ट केल्याचा अनुभव आहे, असं म्हणायला ही रचना वापरायची. पण रोजच्या गोष्टींना नाही हं! कधीतरीच घडलेल्या गोष्टींनाच."

हिचे हात थांबले. "म्हणजे स्वयंपाक गेला, धुणं गेलं, यांचे डबे गेले. मग मी सांगू काय?"

मला एकदम गलबलून आलं. खरंच, ज्यात सगळा जन्म जातो त्याला आपण अनुभव म्हणतच नाही. मी राजस्थानात एकदाच उंटावर बसलो, तेही पाच मिनिटं, आणि अजून आल्यागेल्याला ते ऐकवतो. हिच्या पोळ्यांबद्दल कधी कुणाला सांगितलं?

त्या उमाळ्यात मी उठलो आणि चहा केला. साखर कुठे, गाळणं कुठे, हे तिलाच विचारत, पण केला. तिने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि बाईंना कोरियनमध्ये वाक्य ऐकवलं.

"छान! आता अर्थ सांगा."

"माझ्या नवऱ्याने पूर्वी एकदा चहा केलेला आहे."

"अगदी बरोबर!" बाई म्हणाल्या.

तेव्हापासून मी ओट्याकडे फिरकलेलो नाही. रोज चहा करायला लागलो, तर बिचारीचं वाक्य चुकेल.