धोंडमाळाची बाटली

आमच्या करकंबच्या शेतात प्रत्येक तुकड्याला नाव आहे. विहिरीजवळचं ते विहिरीचं, बैल रुतायचे ते चिखलाचं, आणि थोरल्या आईच्या वाटणीला आला तो धोंडमाळ. थोरली आई म्हणजे माझी चुलती. चुलते लवकर गेले, पदरी मूलबाळ नाही, तिच्या बाजूनं भांडायला कोणी नाही. वाटण्या झाल्या तेव्हा काळी जमीन आमच्याकडं आली आणि तिला दगड मिळाले. मला याचा अजून राग येतो. त्या काळ्या जमिनीवर शिकूनच मी सोलापुरात शिक्षिका झाले, त्यामुळं राग करायचा तर कोणावर, हा प्रश्नच आहे.

थोरली आई मात्र कधी काही बोलली नाही. कित्येक वर्षं तिनं पाटीपाटीनं दगड वेचले आणि त्यांचा बांध रचला. पुढं वडिलांच्या सल्ल्यानं तिथं वाइनची द्राक्षं लावली. दाणा काळा पण बारीक, साल जाड, बिया भरपूर. खायला कोणी घेणार नाही असा माल. ती म्हणायची, "माज्यावानीच हाय ते झाड, लई गोड न्हाय पण टिकतंय."

दोन-तीन हंगाम तिचा माल वायनरीत इतरांच्या मालात मिसळून गेला. मग एका वर्षी वायनरीचे साहेब स्वतः बागेत आले. त्यांनी दाणे तोंडात टाकले, बिया चावून पाहिल्या, पुन्हा दुसऱ्या ओळीतले खाल्ले. ते वडिलांना म्हणाले, या तुकड्याची चव वेगळी आहे, यंदा याची वाइन वेगळी करू आणि बाटलीवर या तुकड्याचंच नाव घालू. अट एकच: बांधापलीकडचा एक घडसुद्धा त्यात येता कामा नये. नाहीतर नाव घालता येणार नाही.

घरात दारूचं नाव काढायची सोय नव्हती, पण हे नाव काढायला सगळ्यांना आवडलं. मी तर शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगून मोकळी झाले. थोरली आई वरवर म्हणाली, काय करायचंय नाव. पण त्या आठवड्यात तिनं बांधावरचं गवत काढलं, बागेतली वाट झाडली, आणि मला हळूच विचारलं, नाव किती मोठ्या अक्षरात असतंय. मी बोटांनी दाखवलं. तिनं स्वतःच्या बोटांवर ते माप घेतलं.

तोडणीला मी रजा काढून गेले. ऊन चढायच्या आत माल निघावा म्हणून बायका पहाटे उजाडताच बागेत शिरल्या. वायनरीनं पाठवलेल्या प्रत्येक कॅरेटला 'धोंडमाळ' लिहिलेली चिठ्ठी बांधलेली होती. माल भरला, गाडी गेली, आणि आम्ही भाकरी-पिठलं खायला बसलो. वडील म्हणाले, कॅरेट बरोबर पुरली म्हणायची.

थोरली आई म्हणाली, पुरली कुटली, दहा उरली हुती. मग तिनं आनंदानं सांगितलं: कोणाचं भांडं आपण रिकामं परत देतो का? म्हणून आम्ही चहाला गेलो तेव्हा दोन बायकांना घेऊन तिनं ती दहा कॅरेट आमच्या विहिरीच्या बागेतल्या खायच्या काळ्या द्राक्षांनी भरली होती. निवडून, टपोरे घड. वरून द्राक्षाच्या पानांनी झाकली होती, देणं झाकून द्यावं म्हणून.

वडिलांचा घास हातातच राहिला.  माझ्या एकदम लक्षात आलं की ही अट आम्ही एकमेकांना सांगितली, मी स्टाफरूमला सांगितली, फक्त जिचा धोंडमाळ तिला सांगितली नाही. तिला काय कळतंय, असं कोणी म्हणालं नव्हतं. पण वागलो तसंच. मला फार लाज वाटली.

वडिलांनी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मी मात्र लगेच वकिली सुरू केली. एवढ्या मालात दहा कॅरेट कोणाला कळणार आहेत, द्राक्षं काळी ती काळी, शिवाय आपल्याच घरची आहेत. वडिलांनीही मला अडवलं नाही. खरं बोलण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही, पण वहिनीच्या रानाचं नाव पहिल्यांदाच कुठंतरी लागणार होतं आणि ते त्यांच्या हातून पुसलं जावं हे त्यांना नको होतं.

थोरल्या आईनं ताट बाजूला सारलं.

"भावजी, फोन लावा."

"वैनी, नाव जाईल."

"जाऊ दे. वाटणीत जे आलं त्येच माजं. तुमच्या बागंतलं माज्या नावावर नगं."

वडिलांनी मान खाली घातली. वाटणीचा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला, आणि बहुधा त्यांनीही. तिनं तो टोमणा म्हणून उच्चारला नव्हता, हेच जास्त लागलं.

फोन लागला. साहेब आधी चिडले, मग म्हणाले, माल अजून थंड खोलीत आहे, सकाळपर्यंत रस काढायला घेणार नाही. पण एवढ्या थप्प्यांतून ती दहा कशी ओळखायची? वडिलांनी तेच मोठ्यानं विचारलं. थोरली आई आतून म्हणाली, पानांनी झाकलेली बघा म्हणावं. साहेब हसले. सकाळी त्यांचा फोन आला की दहाच्या दहा सापडली, कामगारांनी आवडीनं खाल्ली, आणि नाव राहिलं. वडील फोन ठेवून थेट बागेत गेले. जेवायलासुद्धा उशिरा आले.

बाटली यायला दीड वर्षाच्या वर लागलं. साहेबांनी दोन पाठवल्या. एक थोरल्या आईनं न उघडता कपाटावर ठेवली आणि दुसरी मला दिली, म्हणाली, पिऊन टाका आणि बाटली आणून दे. सोलापुरात आम्ही नवरा-बायकोनं अर्धा अर्धा पेला घेतला. नवऱ्याचं मत पडलं की काढा बरा. मला आवडली. खरंच आवडली, आणि त्या चवीत माझा काही वाटा नसताना मी उगाच फुशारले.

बाटली परत द्यायची तर रिकामी कशी न्यायची? मी घाण्यावरून करडईचं तेल आणलं, बाटली काठोकाठ भरली आणि करकंबला गेले. आता मी बरोबर वागले असं मला वाटत होतं.

थोरल्या आईनं बाटली उजेडात धरली. चौथीपर्यंतचं तिचं वाचन, एकेक अक्षर लावत तिनं 'धोंडमाळ' वाचलं, मग बोटांनी मापलं. मी दाखवलं होतं त्यापेक्षा अक्षरं थोडी लहानच होती. तिनं तक्रार केली नाही. तिचा चेहरा इतका खुलला की मी दुसरीकडं पाहिलं.

मग तिनं विचारलं, तेल कुठलं. मी म्हटलं, घाण्यावरचं, सोलापूरचं.

"मग ह्ये माज्या रानातलं न्हाय की," ती म्हणाली, आणि फळीवर ठेवताना तिनं बाटली फिरवून नाव भिंतीकडं केलं. तेल संपायला दोन महिने लागले. तोवर बाटली तशीच उभी होती.